गार्डनच्या सज्ज्यातली पोरे : सिटी कॉलेजचा दुहेरी विजय आणि त्यानंतरचे वर्ष

१४ मार्च १९५०. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अठरा हजारांच्या आसपास माणसे दाटीवाटीने बसली आहेत आणि अगदी वरच्या सज्ज्यातून, सिगारेटच्या धुराच्या थरापलीकडून, एक अर्थहीन शब्द पुन्हापुन्हा खाली कोसळतो आहे : ‘अ‍ॅलागरू!’ ही सिटी कॉलेजची आरोळी. या शब्दाचा नेमका अर्थ आरोळी देणाऱ्यांनाही ठाऊक नव्हता आणि त्याची फारशी कुणाला फिकीरही नव्हती. त्या रात्री सिटी कॉलेजने केंटकी विद्यापीठाचा ८९-५० असा धुव्वा उडवला.

या आकड्यांचे वजन कळण्यासाठी दोन्ही बाजूंची ओळख हवी. केंटकी हा १९४८ आणि १९४९ चा राष्ट्रीय विजेता. त्याचे प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप हे महाविद्यालयीन बास्केटबॉलमधले सर्वांत दबदब्याचे नाव. संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. समोरच्या सिटी कॉलेजच्या पहिल्या पाचांत तिघे ज्यू होते (एड रोमन, अल रॉथ, अर्विन डॅम्ब्रॉट) आणि दोघे कृष्णवर्णीय (एड वॉर्नर, फ्लॉइड लेन). सामन्याआधी केंटकीच्या काही खेळाडूंनी हस्तांदोलन टाळल्याची हकीकत सांगितली जाते. रप यांच्या सबंध कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा पराभव ठरला.

सज्ज्यातले ओरडणारे कोण होते, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट नुसती गुन्हेगारीची कथा होऊन राहते. १८४७ साली ‘फ्री अकॅडमी’ म्हणून स्थापन झालेले सिटी कॉलेज शिक्षणशुल्क घेत नसे. प्रवेश गुणांवर. नामांकित खासगी विद्यापीठे ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड वा छुपी मर्यादा घालत होती, त्या काळात शिंप्यांची, फेरीवाल्यांची, कारखान्यातल्या कामगारांची मुले येथे शिकत. पोलिओची लस शोधणारे जोनास सॉल्क याच कॉलेजचे. लोक त्याला ‘गरिबांचे हार्वर्ड’ म्हणत.

विद्यार्थी बहुतेक घरून येऊन-जाऊन शिकणारे. ब्रुकलिन, ब्राँक्समधून भुयारी रेल्वेने यायचे, वर्ग करायचे, कित्येकांनी नंतर नोकरीवर जायचे. वसतिगृहातल्या आयुष्यातून जी एकजूट आपोआप घडते, ती इथे घडायला जागाच नव्हती. ती घडली गार्डनमध्ये.

कॉलेजची गॉथिक धाटणीची मुख्य इमारत ज्या काळसर खडकाची आहे, तो याच भुयारी रेल्वेच्या खोदकामातून निघाला होता. सामन्याच्या संध्याकाळी विद्यार्थी त्याच भुयारात उतरत. १३७व्या रस्त्याच्या स्थानकात बसायचे, ५०व्या रस्त्याला उतरायचे आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूपर्यंत चालत जायचे. तिकीट १९४८च्या जुलैपर्यंत पाच सेंट, नंतर दहा. सवलतीची तिकिटे, वरची बाके, घसा बसेपर्यंत आरोळ्या आणि परतीच्या डब्यात प्रत्येक चुकलेल्या फेकीची चिरफाड. बास्केटबॉलला मैदान लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. शाळेच्या अंगणात एक कडे आणि एक चेंडू पुरतो. त्यामुळे सज्ज्यातला प्रत्येक जण स्वतः कुठल्या ना कुठल्या अंगणात खेळलेला असे, आणि खाली धावणारा खेळाडू त्याच्याच गल्लीतला असू शके. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातले अंतर इतके कमी असण्याची उदाहरणे खेळाच्या इतिहासात फार सापडत नाहीत.

हा खेळ गार्डनमध्ये आला कसा? १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून तेरा नियमांनिशी तो सुरू केला. पुढची चाळीस वर्षे महाविद्यालयांनी तो आपापल्या कोंदट व्यायामशाळांत खेळला. नेड आयरिश नावाचा एक तरुण क्रीडापत्रकार अशाच एका भरलेल्या व्यायामशाळेत खिडकीतून शिरताना पँट फाडून बसला आणि त्याला मोठ्या सभागृहाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा रचलेली, २९ डिसेंबर १९३४ रोजी त्याने गार्डनमध्ये एका तिकिटात दोन सामने लावले आणि सोळा हजारांवर लोक आले. दोनच वर्षांनी, ३० डिसेंबर १९३६ रोजी, स्टॅनफर्डच्या हँक लुइसेटीने एका हाताने चेंडू फेकत लाँग आयलंड विद्यापीठाची सलग ४३ विजयांची मालिका याच सभागृहात खंडित केली. १९३८ साली ‘नॅशनल इन्व्हिटेशन’ स्पर्धा येथेच सुरू झाली.

गर्दीबरोबर पैसा आला, आणि पैशाबरोबर सट्टा.

पूर्वी पैज साधी असे : कोण जिंकणार? बलाढ्य संघ दुबळ्याशी खेळला की अशा पैजेत रस उरत नसे. १९४०च्या दशकात बुकींनी ‘गुणांचा फरक’ ही युक्ती रूढ केली. समजा, सिटी कॉलेज दहा गुणांनी जिंकेल असा अंदाज जाहीर झाला. सिटीवर पैसे लावणाऱ्याला नुसता विजय पुरत नाही. तो दहाहून अधिक गुणांनी व्हावा लागतो. सिटी सहा गुणांनी जिंकली, तर कॉलेज जिंकले आणि पैज मात्र हरली.

येथेच मोहाचे दार उघडते. खेळाडूला हरायला सांगावे लागत नाही. ‘जिंका, पण थोडक्यात जिंका,’ एवढेच सांगायचे. चेंडू अर्धा क्षण उशिरा पुढे द्यायचा, बचावात एक पाऊल मागे राहायचे. संघाचा विजय शाबूत, चाहता खूश, खेळाडूच्या खिशात हजार डॉलर. ज्या घरात एवढी रक्कम कधी एकत्र पाहिलेली नसे, त्या घरातल्या विशीच्या मुलाला हा गुन्हा बिनबळीचा वाटावा, यात नवल नाही. तो बिनबळीचा नव्हता, हे पुढे कळायचे होते.

गार्डनमधल्या प्रेक्षकांना याचा वास येत नव्हता असेही नाही. निकाल केव्हाच लागलेला असताना, शेवटच्या मिनिटातल्या एखाद्या निरर्थक गुणावर सभागृहाचा एक भाग आनंदाने उसळायचा आणि दुसरा शिव्या द्यायचा. एकाच छताखाली दोन निरनिराळे सामने पाहिले जात होते. १९४५ साली ब्रुकलिन कॉलेजच्या पाच खेळाडूंनी लाच घेतल्याचे कबूल केले, तेव्हा इशाराही मिळाला होता. पण दर आठवड्याला भरणारे सभागृह कुणाला बंद करायचे होते?

१९५०च्या वसंताकडे परत जाऊ. सिटी कॉलेज १७ विजय आणि ५ पराभव अशा बेताच्या कामगिरीवर स्पर्धेत आले होते. आदल्या वर्षीचा विजेता सॅन फ्रान्सिस्को ६५-४६, मग केंटकी, मग डुकेन ६२-५२. १८ मार्चच्या अंतिम सामन्यात देशात पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला ब्रॅडली संघ ६९-६१ असा हरला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू एड वॉर्नर. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

दहाच दिवसांनी, २८ मार्चला, एनसीएए स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याच गार्डनमध्ये पुन्हा ब्रॅडली. शेवटचे काही क्षण, सिटी एका गुणाने पुढे. ब्रॅडलीचा जीन मेल्किओरी कड्याकडे झेपावला. डॅम्ब्रॉटने त्याचा चेंडू अडवला आणि पुढे धावणाऱ्या नॉर्म मेगरकडे फेकला. ७१-६८. एकाच वर्षी या दोन्ही स्पर्धा जिंकणारा हा एकमेव संघ. त्याआधीही कुणी नव्हता, नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या आवारात वर्गांऐवजी जल्लोष झाला. प्रशिक्षक नॅट होल्मन १९१९ पासून या पदावर होते, त्यांच्या आयुष्याचे सार्थक झाले असेच सर्वांना वाटले.

जानेवारी १९५१. मॅनहॅटन कॉलेजचा ज्युनियस केलॉग हा त्या संस्थेचा शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. त्याला संघातल्याच एका माजी खेळाडूने एका सामन्यात गुण ‘आवरण्यासाठी’ हजार डॉलर देऊ केले. केलॉग घरचा श्रीमंत नव्हता. त्याने सरळ प्रशिक्षकांना सांगितले, प्रकरण पोलिसांकडे आणि तेथून जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या कचेरीत गेले. या साऱ्या हकिकतीत निर्विवाद धैर्याचे कृत्य एवढे एकच आहे, आणि नेमके तेच नाव लोक सर्वांत आधी विसरले.

१८ फेब्रुवारीच्या पहाटे सिटीचा संघ फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठाला हरवून रेल्वेने परतत होता. पेन्सिल्व्हेनिया स्थानकावर रोमन, रॉथ आणि वॉर्नर यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. चालू हंगामातले मिझुरी, अ‍ॅरिझोना आणि बोस्टन कॉलेज यांच्याविरुद्धचे सामने त्यांनी ठरवून खेळल्याचे उघड झाले. सूत्रधार साल्व्हातोरे सोलात्झो नावाचा जवाहिऱ्या. मध्यस्थ एडी गार्ड हा लाँग आयलंड विद्यापीठाचा माजी खेळाडू. लगोलग त्या विद्यापीठाचा शर्मन व्हाइट पकडला गेला. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याची गणना होत होती.

सिटीच्या विद्यार्थ्यांनी अजून आशा सोडली नव्हती. फ्लॉइड लेनवर कोणताही आरोप नव्हता. विद्यार्थ्यांच्या सभेत त्याचा जयजयकार झाला. जणू एक जण स्वच्छ राहिला तर साऱ्यांची अब्रू वाचणार होती. २७ फेब्रुवारीला लेनलाही नेण्यात आले. लाचेचे पैसे त्याने घरी फुलझाडाच्या कुंडीत पुरून ठेवले होते. जवळजवळ सगळे तसेच होते; खर्च करण्याचे धाडसही झाले नव्हते.

चाहत्याच्या वाट्याला येणारे दुःख हे पराभवाचे असते, आणि त्याची त्याला सवय असते. हे दुःख वेगळे होते. यात मागचे आठवलेले सगळे संशयास्पद झाले. १९५०च्या दोन्ही स्पर्धांतले विजय खरे होते, यावर सर्वसाधारण एकमत आहे; पण त्याच १९४९-५०च्या हंगामातले काही सामनेही ठरवलेले निघाले. मग सज्ज्यात बसून पाहिलेली अमुक एक चुकलेली फेक खरोखर चुकली होती की चुकवली होती? ज्याने हजारदा तीच फेक अंगणात करून पाहिली होती, त्याला याचे उत्तर आता कुणीच देऊ शकत नव्हते. पुढे चौकशीत काही खेळाडूंच्या शाळेतल्या गुणांमध्ये प्रवेशासाठी फेरफार झाल्याचेही निघाले. गुणांवर प्रवेश हाच ज्या कॉलेजचा धर्म, तेथे हा घाव सट्ट्यापेक्षा खोल म्हणावा लागेल.

देशाच्या इतर भागांत याची टवाळी झाली. हा न्यू यॉर्कचा, तिथल्या लोकांचा रोग, असा सूर निघाला. त्या ‘लोकांचा’ या शब्दात काय दडले होते ते सर्वांना कळत होते. आपल्या मुलांना सट्टेबाज दहा फुटी काठीनेही शिवू शकणार नाहीत, अशी फुशारकी रप यांनी मारली. ऑक्टोबर १९५१ मध्ये केंटकीचे राल्फ बियर्ड, अ‍ॅलेक्स ग्रोझा आणि डेल बार्नस्टेबल पकडले गेले. त्याआधीच ब्रॅडलीच्या मेल्किओरीचे नाव पुढे आले होते. होगन यांच्या तपासात १९४७ ते १९५० या काळातले ८६ सामने आणि सात महाविद्यालयांचे बत्तीस खेळाडू गुंतलेले निघाले. केंटकीला १९५२-५३चा सबंध हंगाम खेळता आला नाही.

शिक्षा मात्र सारख्या झाल्या नाहीत. बहुतेकांना कारावास झाला नाही. वॉर्नरला सहा महिने आणि व्हाइटला आठ महिने तुरुंगात काढावे लागले. दोघेही कृष्णवर्णीय. एनबीएने सर्वांना आजन्म बंदी घातली. मेल्किओरी १९५१च्या निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडला गेला होता. तो एकही सामना खेळला नाही. होल्मन निलंबित झाले आणि १९५४ साली परत आले, पण परतले ते लहानशा खेळाकडे. सिटी कॉलेजने मोठ्या स्पर्धांना आणि गार्डनला रामराम ठोकला. एनसीएएचा अंतिम सामनाही १९५० नंतर गार्डनमध्ये कधी झाला नाही. केलॉग पुढे हार्लेम ग्लोबट्रॉटर्समध्ये गेला. १९५४ साली मोटार अपघातात त्याला पक्षाघात झाला, आणि नंतर त्याने चाकाच्या खुर्चीवरून खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलचे प्रशिक्षण दिले.

लेनने ब्राँक्समधल्या मुलांना शिकवण्यात वर्षे घालवली. एनबीएचा मोठा खेळाडू झालेला नेट आर्चिबाल्ड हा त्याच्याच हाताखाली घडला. १९७४ साली सिटी कॉलेजने आपल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून फ्लॉइड लेनला बोलावले. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, शहराच्या आर्थिक संकटात कॉलेजचे मोफत शिक्षण संपले.

आठव्या अ‍ॅव्हेन्यूवरचे ते गार्डन आज नाही. १९६८ साली नवे गार्डन उघडले, ते पेन्सिल्व्हेनिया स्थानकाच्या जागी, रुळांच्या थेट वर. महाविद्यालयीन सामन्यांना येणारे चाहते आजही गाडीतून त्याच फलाटांवर उतरतात आणि जिन्याने वर जातात.