घोळक्यातला यंत्र-गाईड

संग्रहालयात गाईडगिरी करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो गर्दीचा. वस्तू, सनावळ्या मागाहून पाठ होतात. शाळेची सहल आली की पोरं काचेला नाक लावून उभी, मागची ढकलताहेत, बाई ओरडताहेत, आणि आपण बोलत राहायचं. म्हणून ‘ऱ्हाइनो’ची हकिगत मला जातभाईची वाटते.

मे १९९७ मध्ये बॉनच्या डॉइचेस म्युझियममध्ये या यंत्रमानवाने सहा दिवस गाईडचं काम केलं. काचेच्या पेट्या त्याला धड दिसत नसत. त्या आधीच त्याच्या नकाशात भरून द्याव्या लागल्या. पण खरी पंचाईत केली माणसांनी. घेराव पडला की भिंती दिसेनात, आणि भिंती दिसल्या नाहीत तर आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळणार कसं? शेवटी, भिंत असायला हवी त्याच्या बरंच अलीकडे काही आढळलं तर ते माणूस समजून सोडून द्यायचं, अशी युक्ती त्याला शिकवली होती. वाट मिळाली नाही की हॉर्न! इंटरनेटवरूनही लोक त्याला इकडे जा, तिकडे जा सांगत, म्हणजे दालनातला आणि घरात बसलेला प्रेक्षक एकाच फेरीत सामील.

पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात ‘मिनर्व्हा’ आली. हिला चेहरा होता, भुवया होत्या. वाट अडली की हसू मावळून कपाळाला आठ्या. गर्दीत वाट चुकू नये म्हणून छताकडे रोखलेला कॅमेरा. छतापाशी गर्दी नसते, हे कोणीही अनुभवी गाईड सांगेल. दोन आठवड्यांत ती ४४ किलोमीटर चालली. लोक जवळ यावेत म्हणून ती निरनिराळे आवाज आणि मुद्रा करून बघे. गोडीगुलाबीला जास्त यश मिळालं. आम्हाला हे पगाराशिवाय शिकावं लागतं.

२००२ साली स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय प्रदर्शनात, नॉशातेलला, ‘रोबोएक्स’ जातीचे अकरा यंत्रमानव पाच महिने फिरत होते. हे नुसतं सांगत नव्हते, विचारतही होते, तेही चार भाषांतून. माझ्या मते या इतिहासातली मोठी उडी हीच. कारण प्रदर्शन बघून झाल्यावर माणसाला ऐकायचं कमी आणि सांगायचं जास्त असतं. आजोबांकडे असंच घड्याळ होतं, इथपासून सुरुवात होते आणि बाजूचा अनोळखी माणूसही त्यात पडतो. पण दालनात कलकलाट इतका की रोबोएक्सला बोललेलं नीट ऐकू येणं अवघड. म्हणून त्याच्या कानांना मुख्यतः ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच शब्द शिकवले होते. आजोबांच्या घड्याळाला त्यात जागा नव्हती.