आयनी द्रवांतील शर्करा
साधारण १००° से.च्या खाली वितळणारी लवणे म्हणजे आयनी द्रव. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये असे एक लवण वर्णिले. तुपात साखर विरघळत नाही. क्लोराइडयुक्त आयनी द्रवांत मात्र क्लोराइड आयन शर्करेच्या हायड्रॉक्सिल गटांना धरून ठेवतात, म्हणून ती विरघळते. आम्ल घालून तापवल्यास फ्रुक्टोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून हायड्रॉक्सिमिथिलफुरफुराल बनते. पाक जास्त कढला की तेच थोडेसे तयार होते. ग्लुकोज हट्टी, आधी त्याचे फ्रुक्टोज करावे लागते. क्रोमियम क्लोराइडने ते साधून २००७ मध्ये सुमारे ७० टक्के उतारा मिळाला. दुसरी अभिक्रिया अशी: अल्कोहोलशी शर्करा जोडली की ग्लायकोसाइड मिळते. भातसा नदीकाठच्या खडवली गावातला भाताचा पेंढाही मुख्यतः शर्करांच्याच साखळ्यांचा. त्यातले सेल्युलोज याच द्रवांत विरघळते. पण द्रव महाग, आणि तो शुद्ध परत मिळवणे हीच खरी अडचण.