जाम नट-बोल्ट काढण्याची हत्यारे

गंजून घट्ट बसलेला किंवा कोपरे झिजून गोल झालेला नट, बोल्ट वा स्क्रू सोडवण्याची हत्यारे. पाना, गोटी, छिन्नी, हातोडा ही रोजची हत्यारे आणि नट स्प्लिटर, ईझी आउट ही खास याच कामाची, दोन्ही यात येतात.

जाम होण्याचे नेहमीचे कारण गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांमधल्या बारीक फटीत तो भरला की पाचर मारावी तसा नट आवळला जातो. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे लवकर घडते. उलट्या आट्यांचा नट मात्र विनाकारण जाम समजला जातो. सायकलचे डावे पेडल उलटे फिरवूनच निघते, म्हणून आटे उलटे नाहीत ना हे आधी पाहावे.

गोल होण्यात गंजापेक्षा पान्याचा दोष मोठा असतो. पाना ढिला बसला की जोर नटाच्या सपाट बाजूंवर न येता कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे सोलून निघतात. ६ मिमीच्या बोल्टाला बहुधा १० नंबरचा पाना लागतो. तिथे ११ नंबर चालवून घेणे म्हणजे नट हाताने खराब करणे. हट्टी नटाला बारा कोनी रिंगपेक्षा सहा कोनी गोटी चांगली. स्क्रू पाना अशा कामाला वापरूच नये.

पहिला उपाय तेल. गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेल वापरण्याची जुनी रीत आहे. डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे तयार झाला, तो मुळात पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. आट्यांत झिरपणारे खास तेल त्याहून गुणकारी. तेल सोडून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने ठोके द्यावेत आणि रात्रभर थांबावे. घाई केली की बोल्ट तुटतो. ६ मिमीचा ८.८ प्रतीचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळतात. ३० सेंमी दांड्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला तरी त्याच्या जवळपास तिप्पट पिळाचा जोर पडतो. हाताला फरक कळतो: सुटणारा नट ‘कर्र’ करून हलतो आणि आट्यांतून तपकिरी भुकटी बाहेर येते, तुटायला आलेला बोल्ट आवाज न करता मऊ लागतो. तसे जाणवताच थांबून थोडे आवळावे, मग थोडे सोडावे, असे मागेपुढे करत काढावे.

तेलाने भागले नाही तर उष्णता. १२ मिमीचे पोलादी छिद्र ३०० अंशांनी तापले की सुमारे ०.०४ मिमीने मोठे होते. फरक एवढासाच, पण गंजाची पकड मोडायला पुरतो. ज्योत नटावर धरावी, बोल्टावर नव्हे. पेट्रोलची टाकी, रबरी नळ्या किंवा नुकतेच मारलेले तेल जवळ असेल तर ज्योत पेटवूच नये.

स्क्रूसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर उत्तम. मागून हातोडा मारला की आतल्या तिरक्या खाचा तो घाव वळणात बदलतात. टोक त्याच क्षणी आत दाबले जात असल्याने ते खाचेतून सटकत नाही.

कोपरे गेलेल्या नटासाठी आतून उलट्या पिळाच्या धारा असलेली गोटी मिळते. ती ठोकून बसवली की जितका जोर लावावा तितकी रुतते. जागा असेल तर व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळून अडकून राहणारी पक्कडही चालते. नेब्रास्कातील लोहार विल्यम पीटरसन यांनी १९२०च्या दशकात तिचे पेटंट घेतले. नट वाचवायचा नसेल तर नट स्प्लिटर वापरावा. त्याची धार स्क्रूने पुढे सरकून नट चिरते आणि बोल्टाचे आटे शाबूत राहतात.

डोके तुटून बोल्ट आत राहिला तर मधोमध पंच मारून भोक पाडतात आणि उलट्या पिळाचा ईझी आउट फिरवतात. तो फार कडक, म्हणून ठिसूळ असतो. आत तुटला तर साधे ड्रिल त्याला लागत नाही. म्हणून बोल्टाचा थोडा जरी तुकडा वर असेल, तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करणे अधिक बरे. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सुटतो आणि पान्याला नवे सहा कोपरे मिळतात.