विकण्याआधीची झोप

हिंदीतला ‘घोडे बेचकर सोना’ हा वाक्प्रचार खानदेशात कुणाला उलगडून सांगावा लागत नाही. घोडा विकला, पैसे कमरेला बांधले, राखणीची काळजी मिटली, आता बिनघोर झोपावे, एवढाच त्याचा अर्थ. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची जत्रा भरते. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला ती सुरू होते आणि तिच्यासोबतचा घोडेबाजार देशभर ओळखला जातो. त्याला तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते. या बाजाराविषयी लिहिताना लाखांच्या किमती आणि नामवंत गिऱ्हाइके पुढे येतात. दुपारची डुलकी आणि दावणीशेजारच्या गप्पा मात्र मागे राहतात. माझे म्हणणे असे, की वाक्प्रचाराने निम्मीच गोष्ट सांगितली आहे. घोड्यांच्या बाजारात विक्रीनंतरच्या झोपेइतकीच विक्रीआधीची झोप मोलाची होती. तो निवांतपणा म्हणजे व्यवहारात पडलेला खंड नव्हता, व्यवहार त्याच्याच आधाराने पुरा होत असे.

हे पटण्यासाठी घोडा विकत घेणे किती जोखमीचे होते ते आधी ध्यानात घ्यावे लागते. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी जुनी वाट तापीच्या खोऱ्यातून जाई. इंग्रजांचा वकील थॉमस रो 1615 मध्ये या वाटेने नंदुरबारवरून गेला. माल, फौजा आणि प्रवासी यांची ये-जा असलेल्या या मुलखात घोडा ही चैन नव्हती. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराला मात्र तो स्वतःचा आणावा लागे. शिलेदाराचा घोडा लंगडा निघाला की त्याची रोजीच बसली. घोडा कसा आहे हे विकणाऱ्याला पुरते ठाऊक असते आणि घेणाऱ्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते. अशा बाजाराचे काय होते याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केले आणि 2001 मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. फसवले जाण्याच्या भीतीने गिऱ्हाईक कमी किंमत देऊ लागते, मग चांगला माल असलेला माणूस बाजारात यायचेच सोडतो आणि बाजार हळूहळू रद्दी मालाचा होतो. घोड्यांचे बाजार मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकले. लेखी हमी नव्हती, पशुवैद्याचा दाखला नव्हता. मग भरवसा आला कुठून? माझ्या मते त्याचा बराच भाग मोकळ्या वेळातून आला.

दुपारचा घोडा पाहा. सकाळी त्याला खरारा केलेला असतो, अंग चकाकत असते, रेवाल चालीत फिरवताना मान उंच धरलेली असते. ते त्याचे सजवलेले रूप. उन्हे चढली, तोबरा संपला, माणसे पथाऱ्यांवर आडवी झाली, की घोडाही सैल पडतो. खालचा ओठ लोंबतो, पापण्या अर्ध्या मिटतात आणि एका मागच्या पायाचे खूर टोकावर टेकून तो उभ्याउभ्याच डुलकी घेतो. पायातल्या स्नायुबंधांची रचनाच अशी, की सांधे जागच्या जागी अडकतात आणि झोपेतही तो कोसळत नाही. मागचे पाय असे आलटूनपालटून सैल सोडणे हे निरोगी घोड्याचे लक्षण. पण पुढचा एकच पाय तो वारंवार पुढे काढून ठेवत असेल, तर खुरात किंवा पायात दुखणे असल्याची शंका घ्यावी. गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावे लागते, आणि आजूबाजूला सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. परक्या जागी, शेकडो माणसांच्या वर्दळीत जो घोडा अंग टाकतो, त्याचा स्वभाव शांत आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. दात पाहून वय कळते, चाल पाहून वेग कळतो, पण दुखणे आणि स्वभाव कळायला घोडा विसावलेला पाहावा लागतो. त्यासाठी पाहणाऱ्यालाही तिथेच निवांत बसावे लागते.

माणसाची पारख गप्पांमधून होते. स्वतःच्या घोड्याचे गुणगान करणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. पण दहा वर्षांपूर्वी विकलेल्या घोडीची आठवण सांगताना, शेजारच्या दावणीचा काठेवाडी चांगला की आपला मारवाडी यावर हुज्जत घालताना, देवमण या केसांच्या भोवऱ्याने घरात बरकत येते का यावर हसताना माणूस नकळत उघडा पडतो. कोण वाढवून सांगतो, कोण स्वतःची फसगतही मोकळेपणी कबूल करतो, हे ऐकणाऱ्यांच्या ध्यानात राहते. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवण्याची रीत जुनी आहे. बोटे दाबण्याचे काम क्षणाचे, पण तो हात रुमालाखाली न्यावासा वाटण्याइतका भरवसा दोन-चार दुपारच्या बैठकींतून येतो. या गप्पांतून भोवऱ्यांविषयीच्या खोट्या समजुतीही पसरल्या आणि चांगली जनावरे उगाच अशुभ ठरली, हा आक्षेप खरा आहे. मात्र ज्या बैठकीत समजूत पसरते त्याच बैठकीत, ‘माझ्या घोड्याला तो भोवरा होता, काही झाले नाही,’ असे सांगणाराही बसलेला असतो.

दिवसाच्या झोपेवर आपल्या परंपरेचाच आक्षेप आहे आणि तो हलका नाही. समर्थांनी दासबोधात निद्रेवर एक सबंध समास लिहून झोपाळू माणसाची दशा दाखवली. चरकसंहितेने उन्हाळा सोडता इतर ऋतूंत दिवसा झोपण्याने कफ आणि पित्त वाढते असे बजावले. जत्रा तर ऐन थंडीत भरते. पण त्याच चरकाने अपवादही मोजून दिले आहेत: वाट चालून थकलेला, वाहनाच्या प्रवासाने शिणलेला, ओझे वाहणारा, रात्री जागलेला, म्हातारा, मूल. ही यादी वाचताना जत्रेतली माणसेच डोळ्यांपुढे येतात. ट्रक नव्हते तेव्हा घोडे पायी आणावे लागत, रात्री जनावरांची राखण असे, आणि फडावर तमाशा रंगला की पहाट होई. अशांची दुपारची डुलकी शास्त्राला धरूनच होती. समर्थांचा रोखही कर्तव्य टाळणाऱ्या आळसावर आहे; श्रमानंतरच्या विसाव्याला त्यांचे शब्द लावणे अन्यायाचे होईल.

हा विचार फक्त जुन्या जत्रेपुरता खरा असता तर मी त्याला एवढे महत्त्व दिले नसते. तो आजच्या खेळातही दिसतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एका हंगामात प्रत्येक संघ 82 सामने खेळतो, त्यांतले बहुतेक संध्याकाळी. त्यामुळे सामन्याच्या दिवशी दुपारी झोपणे हा तिथल्या कितीतरी खेळाडूंचा ठरलेला परिपाठ आहे. 2011 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 11 बास्केटबॉलपटूंना काही आठवडे जास्त झोपू दिले, तेव्हा त्यांची धाव वेगवान झाली आणि फ्री थ्रोचा नेम 9 टक्क्यांनी सुधारला. चाहत्यांच्या गप्पाही सारंगखेड्याच्या माणसाला अनोळखी वाटणार नाहीत: उंची किती, गुडघे अजून साथ देतात का, या वयात एवढी रक्कम मोजावी का, कुणाच्या बदल्यात कोण घ्यावा. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचा सॅक्रामेंटो किंग्ज संघ 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीत इंडियाना पेसर्सशी खेळला आणि पहिला सामना जादा वेळेत एका गुणाने हरला. अशा एका गुणावर वर्षानुवर्षे बोलता येते. माणसांची तुलना जनावरांशी करू नये, हे मला मान्य आहे. खेळाडूला स्वतःचा करार आणि स्वतःचा आवाज असतो, घोड्याला तो नसतो. साम्य आहे ते बोलणाऱ्यांत. ज्यातून आपला काही फायदा नाही अशा गोष्टीवर तासन्‌तास प्रेमाने बोलताना अनोळखी माणसे एकमेकांची होतात.

मग कुणी म्हणेल, की आता मोबाइलवर घोड्याची चित्रफीत येते, किंमत फोनवर ठरते, दुपार घालवायची कशाला? चित्रफितीत घोडा धावताना दिसतो. तो विसावलेला कसा दिसतो ते तिच्यात क्वचितच असते, आणि मालक बोलता बोलता कुठे थबकतो तेही कळत नाही. याहून गंभीर आक्षेप असा, की ही निवांत दुपार मालकांची. मोतद्दार पाणी आणतो, लीद काढतो, बायका चुलीपाशी असतात. हा आक्षेप मला खोडता येत नाही. त्यातून विसाव्याची किंमत कमी होत नाही, त्याची वाटणी चुकली होती एवढे दिसते. ती सुधारायची तर सावलीतली पथारी मोतद्दारालाही मिळावी, चुलीपासून उठलेल्या बाईलाही मिळावी. सारंगखेड्याच्या जत्रेला अलीकडे चेतक फेस्टिव्हलचे रूप देताना शर्यती, स्पर्धा, तंबू यांची भर पडली. त्यांचे स्वागत आहे. पण दिवसाचा प्रत्येक तास कार्यक्रमाने भरला, तर ज्या रिकाम्या वेळात घोडा आणि माणूस दोघेही खरे दिसत तो वेळच उरणार नाही. पत्रिकेत दुपारची जागा मोकळी ठेवावी. त्या वेळी तापीकाठी घोडे मागचा पाय टेकून डुलतील, माणसे हलकेच बोलतील, आणि संध्याकाळी रुमालाखाली जाणारा हात निर्धास्त असेल.