सभ्यतेचा कायदा आणि वाटसरूचा त्रास

देवळाली कॅम्पच्या नावावरून इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द आला. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांच्या चित्तभ्रमाला तो चिकटला. भाषेचे अभ्यासक ही हकिकत आवडीने सांगतात. छावणीच्या रस्त्यांना लागू असलेल्या कायद्याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. सार्वजनिक जागी अंग किती झाकावे, हा वाद वारंवार उद्भवत असताना तो कायदा वाचणे आम्हांस उद्बोधक वाटते.

1924 च्या कॅन्टोन्मेंट कायद्यात रस्त्यावरील उपद्रवांची एक यादी आहे. दारू पिऊन धिंगाणा घालणे, जुगार खेळणे यांच्याच पंक्तीला अशिष्टपणे अंग उघडे टाकणे येते. लोकांच्या नजरेस पडेल असे मांस नेणे आणि नीट न झाकलेले प्रेत नेणे हेही तेथेच आहे. 2006 च्या नव्या कायद्यानेही ही यादी बव्हंशी कायम ठेवली. येथे पापपुण्याचा विचार नाही. विचार आहे तो रस्त्याच्या शिस्तीचा.

ही तीन उदाहरणे वाचताना साहित्याच्या विद्यार्थ्याला मम्मटाची आठवण व्हावी. संस्कृत काव्यशास्त्राने अश्लील हा दोष त्रिविध मानला: व्रीडा उत्पन्न करणारा, जुगुप्सा उत्पन्न करणारा आणि अमंगलसूचक. उघडे अंग, उघडे मांस, उघडे प्रेत! कायदा करणाऱ्यांनी 'काव्यप्रकाश' चाळला असेल, असे आम्ही अर्थातच सुचवीत नाही. भेद महत्त्वाचा आहे तो निराळाच. काव्यातला दोष कोणी ठरवावा, याचे उत्तर शास्त्राकडे होते: सहृदयाने. रस्त्यावरचा दोष कोणी ठरवावा?

भारतीय दंडसंहितेचे कलम 294 याच प्रश्नावर उभे होते. 1860 च्या मूळ कलमाचा रोख अश्लील गाण्यांवर व शब्दांवर होता. 1895 च्या दुरुस्तीने त्यात अश्लील कृत्याची भर पडली. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 ने घेतली. या सर्व प्रवासात एक अट टिकली: कृत्याने इतरांना त्रास झाला पाहिजे. कलमात कोणत्याही वस्त्राचे नाव नाही, लांबीचे माप नाही.

म्हणूनच नाशिक जिल्ह्यात एक दृश्य विनातक्रार पार पडते. सिंहस्थात, 2003 साली आणि 2015 सालीही, नागा साधू त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर शाहीस्नानास गेले. मंदिरांतील शिल्पांना व देवांच्या रथांवरील चित्रांना कलम 292 ने जशी सूट दिली होती, तशी धार्मिक सूट कलम 294 मध्ये नाही. तरी लोक हात जोडतात, पोलीस बंदोबस्त ठेवतात. नग्नता आहे, त्रास झालेला 'इतर' नाही.

स्त्रीच्या वस्त्रांबाबत मात्र हा 'इतर' फार लवकर उपस्थित होतो. 2023 साली नागपूर जिल्ह्यातील एका रिसॉर्टवर छापा पडला. तोकड्या स्कर्टमध्ये स्त्रिया नाचत होत्या, एवढ्यावरून पाहणाऱ्या पुरुषांवरही गुन्हा नोंदला गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पाच जणांविरुद्धचा तो गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे घालणे वा तसे नृत्य करणे हे आपोआप अश्लील ठरत नाही. पोलीस अधिकाऱ्याला ते तसे वाटले, एवढे पुरेसे नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आम्हांस त्याचे मोल वाटते ते यासाठी, की तेथे न्यायालयाने पाहणाऱ्यालाही प्रश्न विचारला.

त्याच वर्षी मे महिन्यात तुळजापूरच्या देवस्थानात फलक लागले. अंगप्रदर्शक कपड्यांबरोबर हाफ पँट आणि बर्म्युडाही त्यांत वर्ज्य ठरली होती. लोकांची नाराजी पाहून फलक त्याच दिवशी मागे घेण्यात आले. देवस्थानाने स्वतःच्या आवारापुरते नियम करणे वेगळे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकीला तो फलक दाखवणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाकी हाफ पँट हा लष्कराचा रीतसर गणवेष होता; तो घालून सैनिक देवळालीत वावरत तेव्हा त्या उघड्या गुडघ्यांना उपद्रव म्हणण्याचे कायद्याच्याही मनात आले नाही. कापड तेवढेच होते. ते कोणाच्या अंगावर आहे, यावर त्रास ठरत होता. अश्लीलतेची चर्चा करताना वस्त्राआधी या त्रासाची उलटतपासणी व्हावी, एवढेच आमचे म्हणणे.