मारवाडची खेजडी

दसऱ्याला आपण जिचे पूजन करतो ती शमी मारवाडात खेजडी या नावाने भर शेतात उभी असते. तिच्या पाल्यावर उंट-शेळ्या जगतात, सुरकुतलेल्या वाळक्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी घरोघर शिजते, आणि संवत 1956 च्या दुष्काळात तर लोकांनी तिची साल दळून खाल्ली. महाराजा अभयसिंहाच्या कारकिर्दीत, 1730 साली, राजवाड्याच्या चुनाभट्टीला सरपण हवे म्हणून दरबारची माणसे कुऱ्हाडी घेऊन खेजडली गावी आली, तेव्हा हिरवे झाड न तोडण्याचा पंथगुरू जांभोजींचा नियम शिरोधार्य मानणारे 363 बिश्नोई पंथीय, अमृतादेवी अग्रभागी, खोडांना कवटाळून कापले गेले, असे परंपरा सांगते. मागाहून महाराजांनी बिश्नोई गावांत वृक्षतोडीस मनाई फर्मावली. हुकूम उशिरा निघाला, हे दरबारी शिरस्त्यास धरूनच झाले.