गायकवाडीतील तरुण आणि त्यांची वाट

सुरतेजवळ तापीकाठी वसलेले कामरेज हे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील महालाचे ठिकाण. या प्रांताचे गाव आणि इंग्रजांच्या सुरत जिल्ह्याचे गाव इतके एकमेकांत मिसळलेले होते, की दोन-चार कोसांत वाटसरूचा राजा बदलावा. मॅट्रिकची परीक्षा उतरलेल्या मराठी तरुणाला संस्थानी कचेऱ्यांत कारकुनीपासून वहिवाटदारीपर्यंतची शिडी दिसे, आणि कामरेजसारखे महाल ही त्या शिडीची एक पायरी होती. कोकणातून वा देशावरून आलेल्या पांढरपेशा कुटुंबांनी मुलांची आयुष्ये याच शिडीच्या भरवशावर आखली.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा भरवसा डळमळू लागला. पगार बुडत नव्हता. संशय शिरला होता तो पगार देणाऱ्या राज्याच्या स्वातंत्र्याविषयी. बॅरिस्टर केशवराव देशपांडे हे संस्थानचे वरिष्ठ अधिकारी; त्यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी गंगनाथ विद्यालय उभे केले. १९१० मध्ये तेथे आचार्य म्हणून आलेले काका कालेलकर तेव्हा पंचविशीत होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारातील वर्तनावरून सयाजीराव महाराजांवर इंग्रजांची वक्रदृष्टी झाली आणि १९१२ मध्ये सरकारी दडपणामुळे विद्यालय बंद पडले. जेथे महाराजांनाच जपून पावले टाकावी लागत होती, तेथे एका शिक्षकाची काय कथा! कालेलकर संसार मागे ठेवून हिमालयाकडे निघाले.

याच बडोद्यात विनायक नरहर भावे हा विद्यार्थी शिकत होता. त्याचे वडील नरहरपंत यांनी गागोद्याची वडिलोपार्जित शेती सोडून रंगशास्त्राची नवी विद्या धरली होती. शेतीपेक्षा उद्योगात उद्याची भाकर आहे, हे त्या काळी फारच थोड्यांनी ओळखले होते. मुलानेही तसेच काही शिकावे म्हणून त्यांनी त्याला शाळेत फ्रेंच घ्यायला लावले. मुलाचे मन मात्र बडोद्याच्या ग्रंथालयातील पुस्तकांत आणि मित्रमंडळातील चर्चांत रमे. महायुद्ध चालू होते. बंगालमधील क्रांतिकारकांच्या वार्ता येत होत्या. मुंबईला जाण्यापूर्वी त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या देखत चुलीत जाळली.

२५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा वीस वर्षांचा तरुण सुरतेस गाडीतून उतरला. परीक्षेला न जाता दुसरीकडे जात असल्याचे त्याने वडिलांना पत्राने कळवले आणि मित्रांसह काशीची गाडी धरली. काशीहून एक वाट बंगालकडे जात होती, दुसरी हिमालयाकडे. कोणती धरायची हे ठरले नव्हते. या निर्णयाला निव्वळ वैराग्य म्हणण्याची आपल्या चरित्रकारांना सवय आहे. ते अर्धेच खरे. पदवी घेऊन ज्या राज्यकारभारात शिरायचे, तोच कुणाचा, हा प्रश्नही त्यामागे होता.

काशीत गांधीजींच्या फेब्रुवारीतील हिंदू विश्वविद्यालयातल्या भाषणाची चर्चा अजून ओसरली नव्हती. तिने तिसरीच वाट दाखवली. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी कोचरबच्या आश्रमात हा तरुण गांधीजींना भेटला. पुढे त्यास विनोबा हे नाव मिळाले. त्याच्याबरोबर निघालेल्या बेडेकर नावाच्या मित्राला मात्र काशीतच मरण आले. नरहरपंत बडोद्यास रंगांचे प्रयोग करीत राहिले. धाकटे बाळकोबा आणि शिवाजीही थोरल्याच्या मागे गेले, आणि तिघांपैकी एकानेही संसार मांडला नाही.

ज्या नोकऱ्यांसाठी इतर घरांनी मुलांना अडवून धरले, त्या नोकऱ्यांचे संस्थानच १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० साली त्याच तारखेला कामरेज गुजरातेत आले, तेव्हा जुन्या गायकवाडी घरांतील तरुणांपुढे राहावे की महाराष्ट्रात जावे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.